लूपबाईची खिरापत

माझी सुमनआत्या गल्लीत शिरली की पटापट दारं लागायची. तशी ती काही वाघीण नव्हती. ठेंगणीठुसकी, निळ्या काठाची पांढरी साडी, काखेत छत्री, खांद्याला पिशवी आणि गालात सुपारीचं खांड. पण त्या पिशवीत काय असतं ते आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं तिला सुमन म्हणून कुणी हाकच मारत नसे. "लूपबाई आली वं, लूपबाई आली!" करत पोट्टे तिच्या पुढं पळायचे. आत्या त्यांच्यावर रागवायची नाही. म्हणायची, "बरं झालं बाप्पा, दवंडीचा माझा त्रास वाचला." दवाखान्यात ती कुटुंबनियोजनाच्या कामाला होती. दुपारच्या वेळी घरोघरी जायचं, बायांपाशी बसायचं आणि सांगायचं, की बाई, लेकरं पुरे झाली असतील तर लूप बसवून घे. आजच्या पोरींना तांबी ठाऊक असते. तिच्या आधीची ही वस्तू. पांढऱ्या प्लास्टिकची, बोटाएवढी, नागमोडी वळणांची, खाली शेपटासारखा दोरा. दवाखान्यात ती आत बसवून दिली की दिवस राहायची भीती नाही, आणि पुन्हा मूल हवं झालं तर काढून टाकता येते. एवढीशी गोष्ट, पण आमच्या गल्लीत तिच्या कथा काय काय! लूप हळूहळू वर चढते आणि काळजात जाऊन बसते म्हणे. पावसात विजा चमकल्या की बाईला झटका बसतो म्हणे. एकीनं तर छातीठोक सांगितलं होतं की तिच्या मामेबहिणीच्या नवऱ्याला करंट लागला. आत्या हे ऐकून सुपारी चघळत म्हणायची, "असं असतं तं घरोघरी बत्ती नसती का लागली वं!" आणि स्वतःच इतकी हसायची की छत्री खाली पडायची.

आमचं घर, आत्याचंही तेच, म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात बाबांचा हातमाग. बाकी सगळं मागाच्या आजूबाजूला. निजायचं मागाशेजारी, जेवायचं मागाशेजारी, अभ्यासही त्याच खटखटीत. धोटा इकडून तिकडं सरसरत जायचा, फणी ठोकायची, आणि आम्ही बहिणी त्या तालावर पाढे म्हणायचो. आजही मला शांततेत पाढा आठवत नाही. बोटांनी टेबलावर ठोकावं लागतं, माझी नात खो खो हसते. आम्ही पाच बहिणी. मी, शकुन, सगळ्यात थोरली, तेव्हा तेरा-चौदाची असेन. धाकटी अजून मायच्या कडेवर. मायच्या मांडीवर ती, समोर चरखा. चरखा फिरवत माय बाबांसाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून ठेवायची. रविवारी मात्र चरखा बंद. त्या दिवशी चुलीचा ताबा बाबांकडं. खसखस, धने, जवस, खोबरं आणि आणखी काय काय भाजून पाट्यावर वाटायचं, आणि सावजी रस्सा असा करायचा की वर बोटभर लाल तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून, तिसऱ्याला कानातून वाफ, आणि तरी सगळ्यांची ताटं पुढं. आत्या नाक पुसत म्हणायची, "गणपतदादा, तुह्या रश्श्यापुढं माही लूप काहीच नाही. हा खाल्ला की माणूस तसाच संन्यास घेतो." यावर माय पटकन चुलीकडं तोंड फिरवायची. लूप हा शब्द घरात निघाला की माय नेहमीच चुलीकडं बघायची.

आता इथं खरी गोष्ट सांगायला हवी. धाकटीच्या वेळी माय मरता मरता वाचली होती. खाटेखालची गोणपाटं भिजून गेलेली, मायचे ओठ भाकरीच्या पिठासारखे पांढरे, आणि आत्या रिक्षावाल्याला शिव्या घालत तिला उचलून नेते आहे, एवढं मला स्पष्ट दिसतं. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले होते, आणि बातमी आली, "पोरगी. बाई वाचली." तेव्हा गल्लीतल्या बाया हळहळल्या त्या पहिल्या शब्दासाठी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मायला बजावलं होतं की पुढचं बाळंतपण झेपायचं नाही. पण घरी आली तशी येणारी-जाणारी तिला बजावू लागली की पुढच्या खेपेला पोरगाच होईल बघ. मी रात्री देवाला सांगून झोपायची की भाऊ नको, मला माय पाहिजे. हे कुणाला बोलायची सोय नव्हती. पोरीच्या जातीनं भाऊ नको म्हणायचं म्हणजे काय!

तुम्ही म्हणाल, मग घरातच लूपबाई होती की! तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं. गल्लीभर ती लूपबाई, पण उंबरठ्याच्या आत ती ननंद. एकदा कांड्या भरताना मीच धीर करून विचारलं, "आत्या, तू मायले काहून नाही सांगत?" आत्याचं हसू मावळलं. म्हणाली, "कसं सांगू वं पोट्टे? पाच पोरीच आहेत. मी तोंड उघडलं की लोक म्हणतीन, भावाच्या घरी पोरगा होऊ नये अशी ननंदेचीच इच्छा. तुह्या मायलेही तसंच वाटलं तं? तिनं एका शब्दानं विचारू दे, हातातलं काम टाकून घेऊन जाईन." आणि मायची अडचण बरोबर उलटी. नवऱ्याच्या बहिणीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुझ्या भावाला मला पोरगा द्यायचा नाही? अशा त्या दोघी. एका चुलीवर स्वयंपाक, एकमेकींच्या केसांना तेल, एका ताटात जेवण, आणि मधोमध ही न बोललेली गोष्ट. गल्लीतल्या बाया काय, त्यांना आयतंच कोलीत. "घरच्या भावजयीले पाच, अन् आमच्या दारात येऊन शानपना! दिव्याखाली अंधार!" असं म्हणून दारं आपटायच्या.

दार सगळ्यात जोरात आपटणाऱ्या दुर्गाकाकू. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. तीन सुना हाताखाली, आवाज असा की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं. आत्यानं अंगणात पाऊल ठेवायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. पण भुलाबाईच्या दिवसांत सगळी गल्ली त्यांच्याच अंगणात जमायची, कारण अंगण तेवढंच मोठं. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पाटावर मातीच्या भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मांडायच्या, संध्याकाळी पोरींनी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. ही खिरापत नुसती वाटायची नसते, ती ओळखावी लागते. डबा बंदच ठेवायचा, कानाशी धरून हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट विचारायचं. ओळखली तर आणणारीची फजिती. नाही ओळखली तर तिचा मान मोठा, आणि आमच्या गल्लीची रीत अशी की तिच्या मायनं मग सगळ्यांपुढं नवऱ्याचं नाव घ्यायचं, उखाण्यात. दुर्गाकाकू यात पक्क्या तरबेज. डबा दोनदा खुळखुळला की सांगायच्या, "फुटाणे. अन् त्यात दोन नासके." आमच्या घरची खिरापत ओळखायला त्या आजवर कधी चुकल्या नव्हत्या, म्हणून त्या वर्षी आमची पाळी आली तेव्हा मायनं दार लावून घेऊन डबा भरला. मलासुद्धा सांगितलं नाही. मला गुपित पचत नाही, हसूच फुटतं, हे तिला ठाऊक होतं.

आमच्या घरी झाकणाचे दोन गोल डबे होते, जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे, एकाच दुकानातून आणलेले, जुळ्या भावांसारखे. त्यातला एक आत्यानं कामासाठी घेतला होता, आणि घरी ती तो कधी उघडत नसे. त्यात दाखवायच्या चार-सहा लूपा आणि तिनं स्वतः लाल खणाच्या तुकड्याची शिवलेली पिशवी, म्हणजे गर्भाशय. त्या दिवशी पलीकडच्या मोहल्ल्यात तिला बायांची बैठक घ्यायची होती. उशीर झाला म्हणून धावतपळत आली, फडताळातला डबा पिशवीत कोंबला आणि गेली. राहिलेला डबा मी उचलला, वरून रुमाल बांधला आणि ऐटीत निघाले. पुढं काय झालं ते सांगायला मला आजही पाण्याचा घोट घ्यावा लागतो.

गाणी झाली. अंगणात कंदील, बाया भिंतीला टेकून बसलेल्या, माय धाकटीला मांडीवर घेऊन. मी डबा पुढं केला. तो हातोहात फिरला. कुणी म्हणे मुरमुरे, कुणी म्हणे साखरफुटाणे, कुणी म्हणे खोबऱ्याचे काप. मी आपली प्रत्येकीला मान हलवून नाही म्हणते, जसं काही मलाच माहीत आहे! शेवटी डबा दुर्गाकाकूंकडं. सगळ्या चिडीचूप. त्यांनी कानाशी धरून हलवला. कपाळाला आठी. पुन्हा हलवला. "हलकं आहे. वाजते, पण कोरडं वाजते." वास घेतला. "वास नाही." मी मनात भुलाबाईला शंभर नवस बोलले. मग काकूंचा चेहरा उजळला. "समजलं! कुरोड्या! तळेल कुरोड्या!" आणि माझी वाट न पाहता त्यांनी झाकण काढलं. कंदिलाच्या उजेडात आत पांढऱ्या, नागमोडी, वेटोळ्यांच्या... कुरोड्याच की! अंगणात एकच गलका झाला. माझा चेहरा पडला. माय मात्र वाकून पाहू लागली, कारण कुरोड्या, तुमच्या त्या कुरडया, तिनं केल्याच नव्हत्या. काकूंनी विजयाच्या थाटात एक उचलली आणि तोंडात टाकली.

चावल्या. पुन्हा चावल्या. या गालातून त्या गालात नेली. म्हणाल्या, "तुह्या मायनं तेल तापूच नाही दिलं वं. चिवट आहे नुसती. अन् हा दोरा काहून लावला कुरोडीले?"

"अवो, थुका थे!" मागून कोणी तरी किंचाळलं. ती होती काकूंचीच धाकटी सून, कमल. गल्लीत कुणी तिचा आवाज कधी धड ऐकला नव्हता. "थुका ना! लूप होय थे!"

काकूंचं तोंड उघडं राहिलं, दोरा ओठाबाहेर लोंबतो आहे. सावकाश त्यांनी लूप बाहेर काढली, सुनेकडं पाहिलं आणि विचारलं, "तुले कसं माहीत वं?"

कमलनं पदर तोंडात कोंबला. पण आता उपयोग काय! बोलली, "मी होळीच्या टायमालेच बसवून आली. मोठ्या जाऊबाई सोबत होत्या. त्यांनीही..."

अवो माय! मोठी सून भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिचे खांदे गदगदू लागले. आधी वाटलं रडते आहे. मग तिच्या नाकातून असा काही आवाज निघाला, की कुणाचाच धीर टिकला नाही. हसण्याचा जो पूर आला तो काय सांगू! बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या, एकीची बांगडी फुटली, धाकटी दचकून रडायला लागली, तरी कुणाचं हसू थांबेना. डबा उपडा झाला. एकीनं लूप नाकाला लावून विचारलं, "नथ कशी दिसते वं मले?" दुसरी लाल खणाची पिशवी उलटीसुलटी करून म्हणाली, "एवढ्याशा पिशवीत माहा तो धटिंगण मावला होता?" आणि मग हसता हसताच एकेकीचे खरे प्रश्न निघू लागले. दुखते का वं कमल? शेतावर जाता येते? काळजात चढते म्हणते? कमल डोळे पुसत सांगत होती, "कुठची चढते! पहिले दोन महिने कंबर दुखली, अंगावरून जास्त गेलं. मग काही नाही." जे सांगायला आत्याला एवढी दारं ठोठावावी लागली, ते सगळं त्या अंगणात भुलाबाईसमोर बोललं जात होतं.

एवढ्यात फाटकाशी आत्या. धापा टाकते आहे, हातात दुसरा डबा. "अवं शकुन, डबा! तिथं मी बायांपुढं मोठ्या तोऱ्यानं उघडला, म्हटलं हे पाहा, हे आत बसवायचं असते, तं आत शंकरपाळे! एक म्हातारी म्हणे, असे असतीन तं मले दोन दे!" बोलता बोलता तिचं लक्ष अंगणाकडं गेलं, आणि कुठं उभी आहे ते ध्यानात आलं. पाय फाटकाबाहेरच थांबले. दुर्गाकाकू चूळ भरून उठल्या. हसू त्यांच्याही ओठांत होतं, पण हार मानतील त्या काकू कसल्या. म्हणाल्या, "ये, ये लूपबाई. माह्या सुना तं तू आधीच फितवल्या. पण आधी आपल्या भावजयीले सांग, मग गावाले शिकव."

आत्यानं मान खाली घातली. मला इतका संताप आला की काकूंच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. भिंतीपलीकडून बाबांच्या मागाची खटखट तेवढी ऐकू येत होती. आणि माय उठली. धाकटीला माझ्या कडेवर दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "माही खिरापत कोणाले ओळखता नाही आली. रीतीनं मले नाव घ्या लागते."

मायला उखाणे जमत नसत. लग्नात शिकवलेल्या एकाच उखाण्यावर तिनं आजवर संसार रेटला होता. पण त्या संध्याकाळी तिनं भिंतीकडं पाहिलं आणि ती म्हणाली:

"धोटा जाते सरसर, माग वाजते खटखट,
पाच पोरी सोन्यावानी, पुरी झाली वहिवाट;
सुमनबाई, आज मी लाज ठेवली खुंटीवर,
गणपतरावांचं नाव घेते, चला मले घेऊन दवाखान्यावर!"

जुळलेला उखाणा नव्हता तो, शेवटच्या ओळीला तर फरफटच होती. पण नाव घेताना म्हटलेलं परत घेता येत नाही, आणि त्यावर कुणाला वाद घालता येत नाही. आत्यानं डबा तिथंच टाकला, धावत आली आणि मायच्या गळ्यात पडली. "वहिनी, मी किती वाट पाहिली वं!" "मीही तं तुमचीच वाट पाहून राहिली होती, बाई!" दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि शंकरपाळ्यांवर पोट्टे तुटून पडले होते. मला मात्र एक गोष्ट ध्यानात आली. भिंतीपलीकडचा माग थांबला होता. बाबांनी सगळं ऐकलं होतं.

घरी गेलो तर बाबा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसलेले. आत्या आम्हा पोरींना अंगणात थांबवत होती, पण मी दाराशीच उभी राहिले. बाबा म्हणाले, "सगळ्या गल्लीले सांगितलं. मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले पोरगा पाहिजे होता."

"मी कधी म्हटलं?"

"नको असंही तं कधी म्हटलं नाही तुम्ही," माय म्हणाली.

बाबा बराच वेळ तुटलेला धागा जोडत राहिले. तो त्यांना जुळेना. मग म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मी बसलो होतो ना, तं मले वाटलं, आता हिच्याशिवाय घरात कसं जाऊ. तेव्हापासून भेव वाटते. पण बोलू कसं? माणसानं असं बोलायचं असते का?" मी आयुष्यात पुष्कळ सुशिक्षित पुरुष पाहिले, एकाशी लग्नही केलं, पण असं सरळ बोलणं फार थोड्यांना साधलेलं पाहिलं. मायनं धागा त्यांच्या हातातून घेतला आणि गाठ मारून दिली.

आत्यानं सांगितलेल्या दिवशी बाबांनी माग बंद ठेवला. कोष्ट्यानं कामाच्या दिवशी माग बंद ठेवायचा म्हणजे घरात मयत तरी पाहिजे नाहीतर लग्न! सायकल तेलपाणी करून पुसली, कॅरियरवर घडी करून चादर टाकली. बायको लूप बसवायला जाते आणि नवरा तिला सायकलवर नेतो, असं आमच्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. बाया जायच्या त्या भाजीच्या निमित्तानं, देवळाच्या निमित्तानं, जावेला मध्ये घालून. इथं तर वरातच निघाली. पुढं छत्री उघडून आत्या, ऊन नसताना. मागं बाबा सायकल हातानं ढकलत, कॅरियरवर नवी साडी नेसलेली माय, आणि आम्ही पोरी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला. माय कधी सायकलवर बसली नव्हती. खड्डा आला की "अवो माय वं!" करून बाबांच्या सदऱ्याला धरायची आणि हसू लागायची. माझी माय अशी पोरीसारखी हसते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी परतले तेव्हा दारादारात बाया उभ्या. दारं त्या दिवशी एकही लागलं नाही. दुर्गाकाकू आपल्या ओट्यावर. सायकल समोर आली तशी त्यांनी मोठ्यानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय गा गणपत? वंश बुडवून आला?"

बाबा थांबले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. मला वाटलं, खाली मान घालून निघून जातील. त्यांनी सायकल मांडीला टेकवली आणि म्हणाले, "नाही वं काकू. बायको वाचवून आणली."

आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, मायचा हात हातात धरून त्यांनी तिला सायकलवरून खाली उतरवलं.